अबोल मूल आणि घरची भाषा

मुंबईहून कल्याणकडे जाणाऱ्या लोकल गाडींत पुढच्या स्थानकाचें नांव प्रथम मराठींत, मग हिंदींत आणि मग इंग्रजींत ऐकूं येतें. रोजचा प्रवासी तें ऐकून न ऐकल्यासारखें करतो. परंतु त्याच डब्यांत आईचा हात धरून बसलेलें एखादें सहा-सात वर्षांचें मूल असें असतें, कीं घरीं गेल्यावर तें त्या तिन्ही घोषणा, स्वराच्या चढउतारासह, एकामागून एक बिनचूक म्हणून दाखवितें. मात्र तहान लागली असतां पाणी मागत नाहीं. फार तर आईचा हात धरून तिला माठापर्यंत ओढीत नेतें. अशा मुलास आज स्वमग्न म्हणतात. डोळ्यास डोळा न भिडविणें, समवयस्कांच्या खेळांत न मिसळणें, एकच कृति वा एकच शब्द पुनःपुन्हां करीत राहणें, नित्यक्रमांत थोडा बदल झाला तरी व्याकुळ होणें, हीं त्या अवस्थेचीं नेहमीं आढळणारीं लक्षणें होत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ सालीं जगांतील दर १२७ व्यक्तींमागें एक व्यक्ति स्वमग्न होती.

अशा मुलाच्या आईबापांस तज्ज्ञांकडून व हितचिंतकांकडून जे सल्ले मिळत आले, त्यांत एक सल्ला असा : 'मुलाला दोन भाषांचा गोंधळ सोसणार नाहीं. घरांत एकच भाषा बोला. आणि शाळा इंग्रजी असेल तर ती इंग्रजीच ठेवा.' सल्ला ऐकावयास सोपा व दिसावयास शहाणपणाचा. त्याच्यापायीं कित्येक घरांतून मराठी, कित्येक घरांतून सिंधी, तामीळ वा गुजराती मुलापुरती हद्दपार झाली. हा सल्ला आला कोठून, तो कोणत्या पुराव्यावर उभा होता, आणि पुढें तो कसोटीस उतरला काय, याचा इतिहास ठाणें, कल्याण व डोंबिवली येथील कुटुंबांनीं अवश्य जाणावा असा आहे. कारण या टापूंत एकाच भाषेचें घर शोधून काढणें हेंच कठीण.

या प्रदेशास बहुभाषिकत्व आजचें नाहीं. कल्याण हें प्राचीन काळीं नामांकित बंदर होतें. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या दात्यांचे उल्लेख आहेत, आणि 'पेरिप्लस' या ग्रीक सागरी प्रवासग्रंथांत तें 'कल्लिएना' या नांवानें येतें. ठाण्यावर सुमारें दोनशें वर्षें पोर्तुगीजांचा अंमल होता. तो मराठ्यांनीं १७३७ सालीं संपविला. त्याच ठाण्यांत १८७९ सालीं बेने इस्राएल समाजाचें 'शाआर हाशामाइम' हें प्रार्थनामंदिर उभें राहिलें. त्या समाजाची प्रार्थना हिब्रू, आणि चुलीपाशीं चालणारें बोलणें मराठी. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी आली. पुढच्याच वर्षीं ती कल्याणला पोंचली. रुळांबरोबर निरनिराळ्या प्रांतांतील नोकरदार आले, आणि त्यांच्यासंगें त्यांच्या भाषाही आल्या. १९४७ च्या फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणींत सिंधी निर्वासितांची वसाहत झाली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं तिचें उल्हासनगर असें नामकरण झालें. पुढें कारखानदारी वाढली, मुंबईंतील जागा महाग झाली, आणि मध्यमवर्ग गिरगांव-दादर सोडून ठाणें-डोंबिवलीकडे सरकला. १९८२ सालीं ठाणें महानगरपालिका व १९८३ सालीं कल्याण-डोंबिवली महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेंत पहिलीची लोकसंख्या १८ लाखांवर, तर दुसरीची सुमारें साडेबारा लाख भरली.

अशा शहरांतील एखादें घर डोळ्यांपुढें आणावें. आजी मालवणींत हांक मारते. आई प्रमाण मराठी बोलते. शेजारचें कुटुंब पालघाटचें, तेथें तामीळ व मल्याळम् यांचें मिश्रण. भाजीवाल्याशीं व्यवहार हिंदींत. आणि मुलाची शाळा इंग्रजी माध्यमाची. या घरांतील थोरला मुलगा कोणास काय भाषेंत उत्तर द्यावें हें न शिकवितां शिकतो, आणि त्याचें कोणास नवलही वाटत नाहीं. परंतु धाकटें मूल तीन वर्षांचें होऊनही बोललें नाहीं, म्हणजे हेंच भाषांचें वैभव आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें केलें जातें. 'तुम्हीं घरांत इतक्या भाषा बोलतां, म्हणून त्याची जीभ अडली,' असें शेजारी म्हणतात, नातलग म्हणतात, आणि शेवटीं आईबापही आपल्याशींच म्हणूं लागतात.

या आरोपाचीं मुळें दोन निरनिराळ्या ठिकाणीं आहेत. त्यांपैकीं एक स्वमग्नतेच्या इतिहासांत आहे. 'ऑटिझम' हा शब्द ग्रीक भाषेंतील 'स्वतः' या अर्थाच्या शब्दापासून स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यानें विसाव्या शतकाच्या आरंभीं बनविला. परंतु तो त्यानें प्रौढांच्या एका मनोविकाराच्या वर्णनांत योजिला होता. बालकांतील या अवस्थेचें सविस्तर वर्णन १९४३ सालीं बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयांतील लिओ कॅनर यानें केलें. त्याच्या निबंधांत ११ मुलांच्या हकीकती आहेत : ८ मुलगे व ३ मुली. या अकरांपैकीं आठ मुलें, कांहीं वेळेवर तर कांहीं उशिरां, बोलूं लागलीं होतीं; तीन अबोल राहिलीं होतीं. पण कॅनरच्या ध्यानांत जी गोष्ट विशेष भरली ती अशी, कीं बोलणाऱ्या मुलांचें बोलणेंही संवादासाठीं फारसें नव्हतें. तीं ऐकलेलें वाक्य जसेंच्या तसें परत म्हणत, आणि 'मी' व 'तूं' यांची अदलाबदल करीत. मराठी आईस याचा अनुभव असा येतो : मुलाला दूध हवें असलें म्हणजे तें 'मला दूध दे' असें न म्हणतां, आई रोज जें विचारते तेंच म्हणतें, 'तुला दूध हवें का?' येथें शब्द आहेत, व्याकरण आहे, उच्चारही शुद्ध आहे. उणीव आहे ती दुसऱ्याशीं दुवा जोडण्याची. अडचण भाषांच्या संख्येची नाहीं, हें या एका उदाहरणावरूनही उमगण्यासारखें होतें.

येथें एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. खुद्द कॅनरचा जन्म १८९४ सालीं ऑस्ट्रियाच्या साम्राज्यांतील गॅलिशिया प्रांतांत एका यहुदी कुटुंबांत झाला. तो बर्लिनमध्यें शिकला, १९२४ सालीं अमेरिकेंत गेला, आणि ज्या निबंधानें त्याचें नांव झालें तो त्यानें परक्या इंग्रजी भाषेंत लिहिला. बहुभाषिक जीवन म्हणजे काय, हें त्याला कोणी सांगावयास नको होतें.

कॅनरनें प्रथम ही अवस्था जन्मजात असावी असेंच म्हटलें होतें. परंतु १९४९ च्या सुमारास त्याच्या लेखनांत आईबापांच्या थंड, यांत्रिक वागणुकीवर भर येऊं लागला. त्यांतूनच 'शीतपेटी-माता' ही क्रूर संज्ञा रूढ झाली. जणूं आईच्या प्रेमाची ऊब न मिळाल्यामुळें मूल स्वतःच्या कोशांत शिरलें. १९६७ सालीं ब्रुनो बेटलहाइम याच्या ग्रंथानें हें मत दूरवर पसरविलें. त्यापूर्वींच, १९६४ सालीं, बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञानें तें खोडून काढण्याचा प्रयत्न केला होता. रिमलंड स्वतः एका स्वमग्न मुलाचा पिता होता. या अवस्थेचें कारण मेंदूच्या घडणींत शोधावें, आईच्या अंतःकरणांत नव्हे, असें त्यानें साधार मांडलें. अखेर १९६९ सालीं कॅनरनें पालकांच्या सभेंत त्यांस जाहीरपणें दोषमुक्त केलें. पण शास्त्रानें मागें घेतलेला आरोप समाजाच्या मनांतून लवकर जात नाहीं. आई दोषी असलीच पाहिजे ही समजूत शिल्लक राहिली. तिला नवें कारण तेवढें हवें होतें.

तें कारण पुरविणारें दुसरें मूळ द्विभाषिकत्वाच्या संशोधनांत आहे. १९२३ सालीं डी. जे. सेअर यानें वेल्समधील ७ ते १४ वर्षांच्या सुमारें १,४०० मुलांच्या बुद्धिमापनाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. खेड्यांतील वेल्श व इंग्रजी या दोन्ही भाषा बोलणारीं मुलें केवळ इंग्रजी बोलणाऱ्या मुलांपेक्षां मागें पडतात, असें त्यांत आढळलें. शहरांतील मुलांत मात्र असा फरक दिसला नव्हता. पण लोकांच्या लक्षांत राहिला तो पहिला भाग. गरीब व सधन, खेडें व शहर, परीक्षेची भाषा व घरची भाषा, हे भेद बाजूस सारून सारा दोष दुसऱ्या भाषेच्या माथीं मारण्यांत आला. पुढें जवळजवळ चाळीस वर्षें 'दोन भाषांनीं बुद्धि मंदावते' हें मत शिक्षणक्षेत्रांत वावरत होतें. १९६२ सालीं माँट्रिअल येथें एलिझाबेथ पील व वॉलेस लँबर्ट यांनीं दहा वर्षांच्या मुलांची तुलना केली. परंतु तसें करतांना घरची आर्थिक स्थिति सारखी असेल अशी दक्षता घेतली. तेव्हां इंग्रजी व फ्रेंच दोन्ही उत्तम जाणणारीं मुलें मागें तर नव्हतींच, उलट बऱ्याच कसोट्यांत पुढें होतीं. त्यापूर्वींच, १९५३ सालीं, युनेस्कोनें आपल्या अहवालांत मुलाच्या शिक्षणास मातृभाषा हेंच सर्वोत्तम माध्यम होय असें प्रतिपादिलें होतें. आणि भारतीय राज्यघटनेंत १९५६ सालीं घातलेल्या ३५०-अ या कलमानें भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेंतून मिळण्याची सोय करण्यास राज्यांस सांगितलें होतें.

म्हणजे सर्वसामान्य मुलापुरता द्विभाषिकत्वावरील आरोप मागें पडला. स्वमग्न मुलापुरता मात्र तो तसाच राहिला, आणि तोही कोणी तपासून न पाहतां. ज्यांनीं स्वमग्नतेचा अभ्यास केला त्यांनीं दोन भाषांच्या घरांकडे फारसें पाहिलें नव्हतें. ज्यांनीं दोन भाषांचा अभ्यास केला त्यांनीं स्वमग्न मुलें पाहिलीं नव्हतीं. या दोहोंमधील रिकाम्या जागेंत 'एक भाषा सोपी, दोन भाषा अवघड' हा व्यवहारी तर्क येऊन बसला, आणि तर्काचा सल्ला झाला. पूर्वीं आईचें हृदय थंड ठरविलें होतें. आतां तिची भाषा चुकीची ठरली. दोष हृदयावरून जिभेवर आला, एवढाच काय तो फरक. तो आईच्या पदरांतून मात्र सुटला नाहीं.

भारतांत या सल्ल्यास आणखी एक बळ मिळालें. वाचादोष व श्रवणदोष यांवरील उपचारांचें शिक्षण आपल्याकडे प्रामुख्यानें इंग्रजींतून चालत आलें. म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था १९६० नंतरच्या दशकांत, आणि वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ सालीं सुरू झाली. ग्रंथ इंग्रजी, चित्रांचे तक्ते इंग्रजी, शब्दांच्या याद्याही मूळच्या इंग्रजी. तेव्हां उपचाराची भाषा इंग्रजी होणें ओघानें आलें. ठाणें-डोंबिवलींत विशेष शाळा व मार्गदर्शनकेंद्रें जसजशीं निघालीं, तसतशी आईबापांची मुंबईची पायपीट कमी झाली. डॉ. आनंद नाडकर्णी यांनीं १९९० सालीं ठाण्यांत स्थापिलेल्या मानसिक आरोग्य संस्थेनें मनाच्या आरोग्याविषयीं मराठींतून मोकळेपणानें बोलण्याचा पायंडा पाडला. १९९१ सालीं दिल्लीस मेरी बरुआ या मातेनें 'अॅक्शन फॉर ऑटिझम' ही संस्था काढली. कायद्याची पावलें सावकाश पडलीं. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यांत स्वमग्नतेचें नांव नव्हतें. तें १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यांत आलें, आणि २०१६ च्या कायद्यानें मान्य केलेल्या २१ प्रकारांत त्यास स्पष्ट स्थान मिळालें. मुलास ओळख मिळाली, शाळेचा हक्क मिळाला. पण घरांत त्याच्याशीं कोणत्या भाषेंत बोलावें, हा प्रश्न कायद्याच्या कक्षेंत येणारा नव्हता.

सल्ला पाळणाऱ्या घरांत काय घडतें तें पाहण्यासारखें आहे. आईचें शिक्षण मराठींत झालेलें. इंग्रजी तिला कचेरीपुरती येते. त्या इंग्रजींत ती मुलाशीं बोलूं लागली म्हणजे तिचें बोलणें चार आज्ञांवर येतें : 'कम', 'सिट', 'ईट', 'नो'. अंगाई जाते, लाडाचीं नांवें जातात, रागावणें जातें, आणि भात कालवतां कालवतां आपणांशींच केलेली ती निरर्थक बडबडही जाते. जिच्यांतून मूल खरें पाहतां भाषा उचलतें. आजीस इंग्रजी येत नाहीं, म्हणून 'ये रे बाळा, एक घास खा' असें म्हणण्याची तिला चोरी होते. ती नातवाजवळ मुकाट बसते. घरांतील माणसें एकमेकांशीं मराठींतच बोलत असतात. जेवतांना हंसणें, भांडण, पाहुण्यांची चौकशी सारें मराठींत. त्या वाहत्या बोलण्यांत फक्त एका मुलाकडे वळून कोणी बोलत नाहीं. ज्याची मूळ अडचणच माणसांशीं दुवा जोडण्याची, त्याच्या घरांतील होते नव्हते तेवढे दुवे अशा रीतीनें उपचार म्हणून तोडले जातात. यास गंभीर चूक म्हणावें नाहीं तर काय म्हणावें?

ही चूक प्रथम उघडी पडली ती परदेशीं. लॉस एंजेलिस येथील बहुभाषिक कुटुंबांचा अभ्यास करून २००५ सालीं टामार क्रेमर-सॅडलिक यांनीं दाखविलें, कीं केवळ इंग्रजी बोलण्याचा सल्ला मिळालेल्या घरांत स्वमग्न मूल कुटुंबाच्या संभाषणाबाहेर पडतें. २०१२ सालीं माँट्रिअल येथें हॅम्बली व फोंबोन यांनीं ७५ स्वमग्न मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांपैकीं ४५ मुलांच्या कानांवर दोन भाषा पडत होत्या, ३० मुलांच्या कानांवर एकच. दोन भाषांमुळें पहिल्या गटाचा भाषाविकास अधिक रखडल्याचें दिसलें नाहीं. त्याच वर्षीं कॅनडांतच चिनी व इंग्रजी ऐकणारीं १४ आणि केवळ इंग्रजी ऐकणारीं १४ स्वमग्न मुलें तपासण्यांत आलीं. तेथेंही दोन भाषांनीं नुकसान झाल्याचें आढळलें नाहीं, आणि दोन्ही भाषांतील शब्द एकत्र मोजले तेव्हां पहिल्या मुलांचा शब्दसंग्रह मोठा भरला. लोकलच्या घोषणा तिन्ही भाषांत म्हणणाऱ्या मुलाच्या आईस या निष्कर्षाचें फारसें आश्चर्य वाटणार नाहीं.

या पाहण्या लहान आहेत, आणि त्यांतील कुटुंबें दूरदेशींचीं आहेत, हेंही प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. दोन भाषा बोलल्यानें स्वमग्नता बरी होते असें कोणी म्हटलेलें नाहीं. ती बरी करावयाचा आजार नसून मेंदूच्या घडणीचा एक निराळा प्रकार आहे, असेंच आतां मानतात. प्रत्येक मुलानें तीन भाषा शिकल्याच पाहिजेत, असाही याचा अर्थ नव्हे. कांहीं मुलें आयुष्यभर अबोल राहतात. कांहीं स्वतः होऊन एकच भाषा निवडतात, आणि ती कधीं कधीं चित्रपटलावर ऐकलेली इंग्रजीच असते. तेथें मुलाच्या निवडीस मान द्यावा, त्या भाषेंतही त्याच्याशीं बोलावें; मात्र त्यासाठीं घरच्यांनीं आपली भाषा गिळून टाकण्याचें कारण नाहीं. या इतिहासानें सिद्ध होतें तें एवढेंच, कीं घरची भाषा हिरावून घेतल्यानें मुलाचें हित होतें याला पुरावा कधींच नव्हता; आणि जो थोडा पुरावा पुढें जमला तो त्याच्या उलट दिशेनें बोट दाखवितो.

यांतून व्यवहारांत कांहीं गोष्टी निघतात. मुलाची परीक्षा होते तेव्हां त्याचे घरचे शब्दही मोजावयास सांगावें. 'पाणी', 'भात', 'आजी' हे तीन मराठी आणि 'बस', 'बॉल' हे दोन इंग्रजी शब्द ज्यास येतात, त्याची गणती दोन शब्दांचें मूल म्हणून होणें हा अन्याय आहे. आईनें जी भाषा न अडखळतां, मनापासून बोलतां येते तीच मुलाशीं बोलावी, आणि शाळेनें शिकविलेला शब्द घरच्या शब्दाच्या जोडीस ठेवावा, जागीं नव्हे. अबोल मुलांसाठींही आतां घरच्या भाषेचें दार बंद नाहीं. पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेंत तयार झालेलें 'जेलो' हें साधन भ्रमणध्वनीवर चालतें. मुलानें चित्रावर बोट ठेवलें कीं तो शब्द उच्चारला जातो, आणि ज्या भाषांत तो उच्चारला जातो त्यांत मराठीही आहे. ज्यांस असें साधन नको, त्यांनीं पुठ्ठ्यावर भाताचें, पाण्याचें व आजीचें चित्र चिकटवून खालीं मराठींत नांव लिहिलें तरी आरंभ होतो.

आणखी एक गोष्ट मराठी वाचकानें ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. मराठी घरास जो न्याय, तोच उल्हासनगरच्या सिंधी घरास, डोंबिवलीच्या तामीळ घरास आणि भिवंडीच्या उर्दू घरास लागू आहे. शेजारचें मूल मराठी बोलत नाहीं म्हणून त्याच्या आईस 'अगोदर याची घरची भाषा थांबवा' असें सांगणारा शेजारी तीच जुनी चूक पुन्हां करीत असतो, मग त्याचा हेतु कितीही चांगला असो. भाषांच्या शेजारांत कित्येक शतकें काढलेल्या या प्रदेशानें तरी ती करूं नये.

स्वमग्न मुलाच्या आईबापांपुढील काळज्या अनेक असतात. शाळा मिळेल काय, उद्यां आपणांमागें त्याला कोण पाहील, या प्रश्नांचीं उत्तरें भाषेनें मिळत नाहींत. पण ज्या काळजीस आधारच नव्हता ती एक तरी त्यांच्या खांद्यावरून उतरवितां येते. आजीनें नातवाशीं आपल्या बोलींत बोलावें; तो पाहील न पाहील, उत्तर देईल न देईल. त्याच्या कानांवर तें पडत राहिलें पाहिजे. ज्या दिवशीं तो आईचा हात ओढण्याऐवजीं 'पाणी' असें म्हणेल, किंवा पाण्याच्या चित्रावर बोट ठेवील, त्या दिवशीं त्याचें म्हणणें घरांतील प्रत्येकास कळावें, आजीसही कळावें, यापरतें त्या घरास अधिक काय हवें?